मैनेचं नाक

सोनटक्के सर वस्तू चाटायचे. टिंगल म्हणून सांगत नाही, त्यांची ती पद्धतच होती. मातीचं, चिनी मातीचं, प्लॅस्टरचं काहीही हातात आलं की ते आधी उलटं करायचे, बुडावर नखाने टिचकी मारून कान लावायचे आणि मग जिभेचं टोक बुडाला टेकवायचे. प्लॅस्टर ओल ओढून घेतं, त्यामुळे जीभ क्षणभर चिकटते. चिनी मातीला चिकटत नाही. त्यातली विद्या एवढीच. पण तेवढं करताना ते डोळे मिटून घ्यायचे आणि नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा चेहरा करायचे. मग रुमालाने ओठ टिपायचे आणि निकाल द्यायचे, "ह्याला काय किंमत न्हाई."

धारूरच्या एका शाळेत मी बावीस वर्षं गणित शिकवलं. सोनटक्के सर तिथे चित्रकलेला होते. स्टाफरूममध्ये आमची टेबलं एकमेकांना लागून होती, त्यामुळे हा माणूस मला फार जवळून बघावा लागला. तो मला कधीच आवडला नाही. आज त्याच्यावर लिहायला बसले आहे तेही आवड म्हणून नाही. काही माणसं डोक्यातून जात नाहीत, एवढंच.

उंच, वाळका माणूस. केस काळेभोर रंगवलेले, आणि तो रंग कानांपाशी आणि कपाळावर उतरलेला. खिशात पेनाऐवजी भिंग. बोटं मात्र लांबसडक आणि सुंदर होती, हे कबूल केलं पाहिजे. त्या बोटांनी त्यांनी पोरांना काय शिकवलं, तर फळ्यावर एक माठ आणि एक आंबा काढायचा आणि खिडकीत जाऊन मोबाइल बघत उभं राहायचं. माठ आणि आंबा इतकी वर्षं तेच होते. नंतर आलेल्या मुलांचे आईबापही तेच काढून पास झालेले होते.

मोबाइलवर त्यांचे ग्रुप होते. जुन्या वस्तू जमवणाऱ्या शहरातल्या लोकांचे. पूर्वी बऱ्यापैकी घरातल्या शोकेसमध्ये रंगवलेल्या प्लॅस्टरच्या वस्तू असायच्याच. पोपट, हरिण, जीभ काढून बसलेला कुत्रा, कमरेवर घागर घेतलेली बाई. आपण त्या पुसल्या, फोडल्या, पोरांना खेळायला दिल्या. आता ह्याच वस्तू काचेच्या पेटीत ठेवणारी माणसं निघाली होती, आणि बीड जिल्ह्यात त्यांची पारख फक्त आपल्याला आहे असं सोनटक्के सरांनी ठरवून टाकलं होतं. सरांचा तेव्हापासून कुणाच्या घरी जाण्याचा हेतू एकच राहिला. यजमान पाणी आणायला आत गेला की सर शोकेस उघडायचे.

आमच्या इतिहासाच्या सरांचे वडील गेले तेव्हा आम्ही सगळे शिक्षक भेटायला गेलो होतो. खाली सतरंजी अंथरलेली, इतिहासाचे सर डोकं मुंडवून भिंतीला टेकून बसलेले, आत बायका रडत होत्या. तेवढ्यात काच सरकल्याचा आवाज आला. बघते तर सोनटक्के सरांच्या हातात हिरवा पोपट. वडिलांनी तरुणपणी हैदराबादेहून आणलेला, घरातली सगळ्यांत जुनी शोभेची वस्तू. सरांनी तो उलटा केला, टिचकी मारली, आणि त्या खोलीत, त्या माणसांसमोर, जीभ लावली. मग पोपट जागेवर ठेवून इतिहासाच्या सरांना म्हणाले, "साच्यातला माल हाय. वडलांना कुणीतरी फसवलं तुमच्या."

इतिहासाच्या सरांनी फक्त मान हलवली. परत येताना मी त्यांना म्हणाले की आज तरी राहू द्यायचं. त्यांना माझं म्हणणं खरोखरच कळलं नाही. खोटं बोलायला पाहिजे होतं का, असं त्यांनी मला विचारलं.

दुसरी गोष्ट धर्मापुरीच्या सहलीची. तिथलं जुनं देऊळ दाखवायला आम्ही नववीचा वर्ग नेला होता. बाहेरच्या भिंतीवर दगडातल्या बायका कोरलेल्या आहेत. कुणी आरशात बघते आहे, कुणाच्या हातात आणखी काही. मुली खाली उभ्या राहून माना वर करून बघत होत्या. एकीने वहीत काढायलाही घेतलं होतं. चित्रकलेचे शिक्षक म्हणून मी सरांना चार शब्द सांगायची विनंती केली. त्यांनी भिंतीवरून एकदा नजर फिरवली आणि मुलींना सांगितलं की हे सरकारच्या ताब्यातलं आहे, हे कुणाला घेता येत नाही आणि विकता येत नाही, त्यामुळे ह्याचा भाव काढण्यात अर्थ नाही. मग ते फाटकाजवळच्या खेळण्यांच्या गाड्याकडे निघून गेले. त्या मुलीने वही मिटून दप्तरात घातली.

मला त्यांचा सगळ्यांत जास्त राग कशाचा यायचा सांगू? ते बहुतेक वेळा बरोबर असायचे. पोपट खरंच साच्यातला होता. नजर तयार होती त्यांची. पण ती नजर वस्तूपाशी थांबायची, वस्तू धरलेल्या माणसापर्यंत कधी पोचायची नाही.

कौसाबाई आमच्या शाळेत खिचडी शिजवायची. पन्नाशीची, बुटकी, चालताना एका पायावर भार देणारी. तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की गाडी जुंपून निघायचे ते उन्हाळा तोंडावर आला की परत यायचे. कौसा आणि तिची दोन भावंडं चुलतीपाशी राहायची.

एका शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर ती स्टाफरूमच्या दाराशी आली. हातात लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. खोलीत मी आणि सोनटक्के सर दोघेच होतो. तिने ते टेबलावर ठेवून हळूहळू सोडलं.

प्लॅस्टरची बाई होती, हातभर उंच. मांडी घालून बसलेली, मांडीत कोकरू. हिरवं लुगडं जागोजागी उडालेलं, गालांवरचा रंग मात्र अजून कोवळा. डोळे असे की तिने आत्ता कोकरावरून नजर उचलून आपल्याकडे बघितलंय. नाकाचा शेंडा उडालेला होता. कपाळावर हळदीचा जुना डाग.

कौसाबाईने सांगितलं ते असं. एका हंगामात कारखान्यावरच्या साहेबाच्या बायकोने बदली होऊन जाताना ही बाई तिच्या आईला देऊन टाकली. आईने ती गोधडीत गुंडाळून गाडीत मांडीवर घेऊन आणली. घाटात गाडी कलंडली तेव्हा नाक गेलं. आईने तिचं नाव मैना ठेवलं. पुढच्या दिवाळीनंतर निघताना आईने मैनेला कोनाड्यात बसवलं आणि पोरांना सांगितलं की मी येईपर्यंत हिच्याकडे बघा, काही सांगायचं असलं तर हिला सांगा. पोरं सांगायची. धाकट्याला गोवर आला तेही मैनेला सांगितलं, चुलतीने मारलं तेही. आई आली की पंचमीला मैनेला हळदकुंकू लावायची.

आता कौसाबाईच्या मुलाचं नवं घरकुल झालं होतं. सून वाईट नव्हती, पण नव्या घरात ही नाकतुटकी बाई नको म्हणत होती. कौसाबाईला ती विकायची नव्हती. तिला सरांकडून नुसता शब्द हवा होता.

"सर, तुमी चांगली हाय म्हणलात तर सून ठिवून घेईल," ती म्हणाली. "तिला तुमचं पटंल."

सरांनी मैनेला उलटी केली. टिचकी मारली, जीभ लावली. डोळे मात्र ह्यावेळी मिटले नाहीत. त्यांनी भिंग काढलं आणि आधी बुड बघितलं, मग लुगड्याची घडी, मग डोळे. बराच वेळ डोळे बघितले. बुडावर काहीतरी ठसा होता, मला माझ्या खुर्चीवरून दिसला; पुसट अक्षरं आणि एक आकडा. सरांनी भिंग खाली ठेवलं आणि त्या ठशावर अंगठा ठेवला. तो अंगठा त्यांनी पुढे बोलणं संपेपर्यंत उचलला नाही.

ते म्हणाले, जत्रेतला माल आहे, काही किंमत नाही. शिवाय आतून ओल धरलीय, भुसभुशीत झालंय सगळं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत मान गळून पडेल.

कौसाबाईचा चेहरा उतरला. मान गळून पडेल, हे तिने हलक्या आवाजात स्वतःशीच एकदा म्हटलं. मग सरांनी आवाज मऊ केला. घरात पोरांच्या डोळ्यांसमोर फुटण्यापेक्षा शाळेला द्या, म्हणाले. मी औषध लावून टिकवायचा प्रयत्न करतो, चित्रकलेच्या वर्गात समोर ठेवू, पोरं बघून काढतील.

"पोरायच्या कामी येत आसंल तर ठिवा," कौसाबाई म्हणाली. "तिला सवय हाय पोरायची."

सोमवारी सरांनी तिला नवा कुकर आणून दिला. फुकट घेतलं असं नको म्हणाले. तिला संकोच वाटला, तरी तिने घेतला, आणि सर किती चांगले आहेत हे पुढे आठवडाभर ती खिचडीच्या रांगेत उभ्या असलेल्यांना सांगत होती.

मैना वर्गात कधी आली नाही. मी एकदा विचारलं तेव्हा घरी वाळत ठेवलीय असं उत्तर मिळालं. मी पुन्हा विचारलं नाही. तो ठसा झाकणारा अंगठा मी बघितला होता आणि त्याचा अर्थही मला त्याच दिवशी कळला होता. पण शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी रोज भांडण कोण घेणार, असं म्हणून मी गप्प राहिले. त्यांच्याबद्दल लिहिताना माझ्याबद्दलही एवढं लिहून ठेवते.

वर्षभरात सर निवृत्त झाले. त्यानंतर दोनेक वर्षांनी त्यांचा फोन आला. आवाजात कधी नव्हे तो उत्साह होता. संभाजीनगरहून एक बाई यायच्या होत्या, अशा वस्तूंच्या नावाजलेल्या संग्राहक. सरांनी फोटो पाठवला होता आणि त्यांना तो फार आवडला होता. रविवारी वस्तू बघायला येणार होत्या. हैदराबादेकडच्या एका जुन्या कारागिराच्या हातचं काम आहे, त्याची मोजकीच कामं उरलीत, असं सर सांगत होते. त्यांनी मला का बोलावलं? कारण त्यांना बघणारं कुणीतरी हवं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वस्तू मोडीत काढलेल्या माणसाला स्वतःच्या वस्तूचं कौतुक ऐकायचं होतं, आणि तेव्हा शेजारी कुणीतरी असावं असं वाटत होतं. कुठली वस्तू, हे मी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या स्वयंपाकघरात गेले आणि कौसाबाईला सगळं सांगितलं. अंगठ्याचंही. ती डाळ निवडत होती. हात थांबला नाही. मला वाटलं रागावेल, मला बोलेल. तिने विचारलं ते वेगळंच.

"म्हंजे मान हाय जागेवर?"

आहे, मी म्हणाले.

"गळली न्हाई मंग," ती म्हणाली आणि पदराने तोंड पुसलं. "मी दर पावसाळ्यात म्हणायचे, आता गळली आसंल."

रविवारी ती माझ्याबरोबर सरांच्या घरी आली. चांगलं लुगडं नेसली होती आणि हातात पिशवी होती, तिच्यात तो कुकर. तिला बघून सर चपापले. पण पाहुण्या बाई येऊन बसल्या होत्या, त्यामुळे त्यांना काही म्हणता आलं नाही. त्यांनी तिला दाराजवळच्या स्टुलावर बसायला सांगितलं.

मधल्या टेबलावर पांढऱ्या रुमालाखाली वस्तू झाकलेली होती. सरांनी रुमाल ओढला.

मला आधी ओळखूच आली नाही. पोपटी लुगडं, त्याला सोनेरी काठ. कोकरू चुन्यासारखं पांढरं. ओठ लाल, भुवया कोरलेल्या, डोळे मोठे आणि काळेभोर, कॅलेंडरवरच्या देवीसारखे. आणि नाक. सरांनी नवं नाक बसवलं होतं, सरळ आणि टोकदार. सगळं अंग तेलरंगाने चकचकत होतं.

पाहुण्या बाईंनी पर्समधून छोटा दिवा काढला आणि तिरका उजेड टाकून सगळीकडून बघितलं. बुडावरचा ठसा बघितला. मग दिवा विझवून विचारलं, "हे कुणी रंगवलं?"

"मी," सर म्हणाले. "चार महिने लागले. नाकच तीनदा केलं."

बाईंनी अगदी सावकाश, शिकवल्यासारखं सांगितलं. फोटो तुम्ही रंगवण्याआधीचा पाठवलात. मी त्या रंगासाठी आले. असा साचा दुसऱ्या कुणाकडेही मिळेल, पण त्या माणसाने काढलेले डोळे मिळत नाहीत. तुटक्या नाकासकट, हळदीसकट मी ती घेऊन गेले असते.

सर वाद घालू लागले. मोडकी वस्तू कोण ठेवतो, रंग कसे मिसळले, काठाला कुठला ब्रश वापरला, भुवयांची एकेक रेघ कशी काढली. बाई ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "सर, ह्यात रंग हीच वस्तू असते. आत नुसती पांढरी भुकटी आहे." चहा पूर्ण प्यायल्या, कपबशी स्वतः उचलून आत ठेवली आणि नमस्कार करून गेल्या.

हे सगळं सरांना माहीत नव्हतं असं नाही. जुन्या रंगाला हात लावू नये हे त्यांनीच मला कितीतरी वेळा ऐकवलं होतं. मग त्यांनी का केलं? मला वाटतं, आपल्याला चित्रकार म्हणावं अशी त्या माणसाची आयुष्यभराची इच्छा होती आणि कुणीही तसं म्हणालं नव्हतं. एक चांगला चेहरा घरात आला, रोज समोर राहिला, आणि तो दुसऱ्याने काढलेला आहे हे त्यांना सहन झालं नाही. एवढा अंदाज करून सुद्धा मला त्यांची कीव आली नाही. लबाडीने आणलेली वस्तू त्यांना नीट लबाडीने विकता सुद्धा आली नाही, एवढंच त्या क्षणी माझ्या मनात होतं.

कौसाबाई स्टुलावरून उठली. टेबलापाशी येऊन वाकून बघितलं. एका बाजूने बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं.

"घिऊन जा," सर तिच्याकडे न बघता म्हणाले. "तुमचीच हाय. घिऊन जा."

"ही कोण हाय सर?" तिने विचारलं.

तिने बोट पुढे केलं आणि त्या नव्या नाकाला लावलं. "नाक मोडलं तवा मह्या मायनं दोन दिस भाकर खाल्ली न्हाई," ती म्हणाली. "पर मोडक्या नाकाला कुणी हात लावू दिला न्हाई तिनं. मैना तशीच आपल्याकडं आली म्हणायची. आमी ईचारायचो, कावून नीट करीत न्हाईस. तर म्हणायची, मंग तिला घाट आठवायचा न्हाई."

तिने पिशवीतून कुकर काढला. झाकण, शिट्टी, रबर सगळं जागेवर होतं, घासून लख्ख केलेलं. तो टेबलावर त्या रंगवलेल्या बाईशेजारी ठेवला, पिशवीची घडी केली आणि चप्पल घालायला बाहेर गेली. रस्त्याने तिने एवढंच बजावलं की उद्या तांदूळ कमी पडतील, मुख्याध्यापकांना आठवण करा.

पुढच्या जूनमध्ये माझी बदली नेकनूरला झाली. काही कागद राहिले होते, ते न्यायला मी दिवाळीआधी धारूरला गेले. बसला वेळ होता म्हणून किल्ल्याकडच्या रस्त्याने चालत निघाले, तो रस्ता सरांच्या घरावरून जातो. ते ओसरीवर उन्हात बसले होते. केस रंगवायचे सोडले होते, त्यामुळे मला ओळखायला क्षणभर वेळ लागला. मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर आडवी धरलेली ती बाई. काडीला कापूस गुंडाळून ते टर्पेंटाइनमध्ये बुडवत होते आणि तिच्या डोळ्यावरून अगदी हलके फिरवत होते. पायाशी रंगाने माखलेल्या कापसाच्या बोळ्यांचा ढीग पडला होता, पोपटी, लाल, काळे.

मला बघितल्यावर त्यांनी कशा आहात वगैरे विचारलं नाही. बाईचा चेहरा माझ्या बाजूला वळवला.

"मॅडम, तुमचे डोळे चांगले हायत," ते म्हणाले. "बघा बरं, खालचा जुना रंग दिसायला लागलाय का?"

मी वाकून बघितलं. त्यांचा रंग निघाला होता आणि त्याच्याबरोबर खालचाही निघाला होता. डोळ्याच्या जागी गुळगुळीत पांढरं प्लॅस्टर होतं.

"नाही सर," मी म्हणाले. "पांढरं दिसतंय."

त्यांनी मान डोलवली, काडीला नवा कापूस गुंडाळला आणि दुसऱ्या डोळ्याला सुरुवात केली. मी बसस्टँडकडे निघाले.